प्रार्थनेला परवानगी

“ही बंदी उठवल्याशिवाय मी गप्प बसायचा नाही,” अवधूत वकील म्हणाले, आणि समोर बसलेला बळीराम आणखीच गप्प झाला.

बळीराम विचुंब्याजवळच्या वीटभट्टीवर विटा थापायचा आणि दर रविवारी तिथल्याच मोकळ्या जागेत येशूची सुवार्ता सांगायचा. वाडीतले सगळे त्याला पास्टर म्हणत. पावसाळा सरता सरता कुणीतरी नाव न सांगता पोलिसांकडे तोंडी तक्रार केली. प्रार्थनेने ताप उतरतो असं सांगून हा माणूस लोकांना दवाखान्यात जाऊ देत नाही, त्यापायी एक पोर गेलं. मुंबईच्या दंगलीला अजून वर्षही झालं नव्हतं. धर्माचं नाव निघालं की साहेब लोक आधी बंदी घालत आणि मग विचार करत. सभा बंद, भोंगा बंद, बळीरामचं तोंड बंद.

अवधूत वकील स्वतः देवळात जात ते बायकोच्या चपला सांभाळण्यापुरते. पण कुणाला बोलू दिलं नाही की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. पनवेलहून स्कूटर दामटत ते आपणहून वाडीवर आले होते.

“तक्रार त्या काळूराम भगताचीच असणार. तुमच्यामुळे त्याच्या अंगाऱ्याला गिऱ्हाईक राहिलं नाही.”

“नाय हो साहेब, त्याच्यावर आळ नका घेऊ.”

“मग कुणाची?”

“कुनाची बी असो. त्याचं तरी काय चुकलं?”

वकिलांनी हात जोडले. शत्रूला क्षमा करावी हे त्यांनी ऐकलं होतं, पण करणारा माणूस पहिल्यांदाच बघत होते.

बळीरामची बायको सत्यवती दाराशी उभी होती. “जेवत नाय, निजत नाय, सारखा भट्टीभवती फिरत असतो,” ती म्हणाली. “आमची लेक कमळी गेली तवापासून मानूस असा झालाय. परारथनेचा तेवढा आधार व्हता, तो बी सरकारनं काढून घेतला.”

सुनावणीच्या दिवशी प्रांतसाहेबांसमोर अवधूत वकील पेटलेच.

“साहेब, त्या वाडीत एकच मूल दगावलं. ते या माणसाची स्वतःची मुलगी. तापाने गेली बिचारी. लेकीच्या मरणाचा दोष बापाच्या माथी मारणारा हा तक्रारदार, नाव सांगायचीही हिंमत नसलेला! त्याला माणूस तरी म्हणायचं का?”

बळीराम तिथेच खाली बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. शिपायाने पाणी आणून दिलं. प्रांतसाहेबांनाही ते बघवलं नाही. बंदी उठली.

बाहेर आल्यावर वकिलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. थंडीचे दिवस होते, तरी सदरा घामाने चिकटला होता.

“आता मला कुनीच आडवनार नाय?” बळीरामने विचारलं.

“कुणाची टाप आहे!”

रविवारी भट्टीवर ही गर्दी. सुकापूरपासून माणसं आली होती. काळूराम भगतही कडेला येऊन बसला. वकिलांना मानाने खुर्ची दिली होती आणि ते लग्नघरच्या यजमानासारखे सगळ्यांकडे बघून हसत होते.

बळीराम मात्र येरझारा घालत होता. तेवढ्यात त्याच्याबरोबर विटा थापणारा दादू पुढे आला.

“सुटलो बाबा, पास्टर! तुमची सभा बंद, म्हनून मागल्या महिन्यात माझ्या धाकल्याला सरकारी दवाखान्यात न्यावा लागला. सुया टोचून हाल केले त्याचे. बरा झाला, पन काल रातीपासून परत अंग तापलंय. आज तुमी हाय, आता दवाखाना नको.”

त्याची बायको पोराला गोधडीत गुंडाळून सगळ्यांच्या पुढे बसली होती. पोर डोळे उघडत नव्हतं. मागून कुणीतरी मोठ्याने “हालेलुया” म्हणालं आणि सगळ्यांनी ते उचललं.

अवधूत वकिलांनी स्वतः उठून बळीरामच्या हातात माइक दिला. “बोला. मनात असेल ते सगळं बोला. तो तुमचा हक्क आहे.”

बळीरामची नजर गोधडीवरून हलेना. त्याने माइक तोंडाशी नेला, खाली घेतला, पुन्हा वर नेला.

“दादू, पोराला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. वकीलसाहेब, तुमची स्कूटर काढा.”

कुणीच जागचं हललं नाही. दादूला वाटलं, ही प्रार्थनेचीच सुरुवात असेल. त्याने हात जोडून डोळे मिटले.

“ऊठ रे दादू!” बळीराम ओरडला आणि भोंगा किंचाळला. “माझी कमळी तापानं जळत व्हती आन मी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवून बसलो. मला गप बसवा म्हनून पोलीस ठान्यात जाऊन ती तक्रार मीच केली व्हती.”