संपलेला काळ

सुक्याच्या अंगठ्याला शाई लागली होती. कागदावर टेकवायचा तेवढा राहिला होता.

"आधी मास्तर वाचून सांगतील," तलाठी म्हणाला. "त्यांची साक्षीची सही पाहिजे."

तलासरीच्या चावडीत चौघेच होते. तलाठी, शेठ, शेठच्या जमिनीचं कूळ सुक्या, आणि चंदर मास्तर. चंदर डहाणूच्या मच्छीमाराचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी शाळेत इंग्रजी शिकवायला आला, तेव्हा शेठनेच त्याला आपल्या घरामागची खोली दिली. भाडं कधी घेतलं नाही. शाळेच्या कमिटीवरही शेठच होते.

सत्तावन सालच्या मार्चचा शेवटचा आठवडा चालू होता. येत्या पहिल्या एप्रिलला जे कूळ जमीन कसत असेल, त्याचीच ती होणार, असा नवा कुळकायदा होता. कागद मुंबईच्या वकिलाने इंग्रजीत टाईप केला होता. मजकूर एका ओळीचाच. चंदरने तो वाचला.

'सुक्या कल्टिव्हेटेड धिस लँड.'

"काय लिवलाय, मास्तर?" सुक्याने विचारलं.

"लिहिलंय, तू ही जमीन कसलीस."

"खरा हाय. मी कसली, माज्या बापूसनी कसली." सुक्याने कागदाकडे हात नेला.

खोटं त्यात काहीच नव्हतं. चंदरने पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात त्याला सकाळचा आठवीचा वर्ग आठवला. फळ्यावर त्याने स्वतःच लिहिलं होतं, 'साधा भूतकाळ', आणि सांगितलं होतं की जे संपलं, ते या काळात सांगायचं. मागच्या बाकावरून बारकी नावाची मुलगी उठली होती. "सर, आणि जे संपलं नसेल ते?" तो म्हणाला होता, "त्याचा काळ वेगळा. पुढच्या आठवड्यात घेऊ."

पुढच्या आठवड्यात पहिला एप्रिल होता.

"थांब, सुक्या," चंदर म्हणाला. "मी अर्धंच सांगितलं. इंग्रजीत असं लिहिलं की त्याचा अर्थ होतो, कसलीस आणि सोडलीस. आता जमीन तुझ्याकडे नाही."

सुक्याचा हात तसाच राहिला. त्याच्या मनगटापर्यंत राख होती, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजल्याची.

"आता राब भाजूनशी आलो," तो हळूच म्हणाला. "सोडली कवा?" आणि त्याने अंगठा लंगोटीला पुसला.

शेठचा आवाज चढला नाही. "मास्तर, दोन अक्षरांचा फरक. त्यावर एवढं कशाला अडता? सही करा आणि घरी चला, चहा व्हायचाय."

 चंदरची डहाणूला आईला दर महिन्याला मनिऑर्डर जात होती. ओट्यावर बसून सुकी मासळी विकणं तिने यंदाच बंद केलं होतं. नोकरी गेली की तिला पुन्हा टोपली उचलावी लागली असती.

मग त्याने कागद पुढे ओढला आणि साक्षीदाराच्या जागी इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली. खाली सही केली. शेठने हात पुढे केला, पण कागद आधी तलाठ्याने उचलला. त्याने तो दोनदा वाचला.

"'मी हा कागद सुक्याला समजावून सांगितला. त्याने अंगठा दिला नाही,'" त्याने मराठीत सांगितलं.

"तो कागद माझा आहे," शेठ म्हणाले.

"माझ्यापुढे आला, आता दप्तराचा झाला," तलाठी म्हणाला आणि त्याने तो फायलीत लावला.

शेठ उठले. दारात थांबून म्हणाले, "खोली आजच रिकामी करा. शाळेचं मी कमिटीत बघतो."

संध्याकाळी चंदरने ट्रंक बाहेर काढली, तर सुक्या अंगणात उभा होता. त्याने काही न विचारता ट्रंक डोक्यावर घेतली आणि पाड्याची वाट धरली. त्याच्या झोपडीशी त्याची बायको धान पाखडत होती. तिने ट्रंकेकडे पाहिलं, मग चंदरकडे. पाड्यावर सगळ्यांना एकेरीच हाक मारायची रीत.

"मास्तर, तू तं शेठच्या घरी राहतस ना?"

चंदर ओट्यावर टेकला.

"राहत होतो," तो म्हणाला.