महाळुंग्याचा डबा

पहिल्याच दिवशी वरच्या वर्गातल्या आरतीनं प्रतीक्षाला हॉस्टेलची रीत सांगितली होती. बादलीवर नाव घाल, पेटीला कुलूप लाव, आणि घरून आलेला डबा फाटकावर पडू देऊ नकोस.

"का गं?"

"नको पडू देऊ," एवढंच आरती म्हणाली.

महाळुंग्याहून रोज एसटीनं डबा यायचा. पण ओतूरला आल्यापासून प्रतीक्षाला भूकच लागत नव्हती. वाईटही वाटायचं नाही आणि बरंही. नव्या पोरींचं असंच होतं, असं सगळ्याच म्हणायच्या. हळूहळू ती डबा आणायला जाईनाशी झाली.

एका दुपारी तिनं आईला फोन लावला. "डबा नको पाठवत जाऊ. वाया जातोय."

"वाया कुठं? रोज चाटूनपुसून रिकामा येतोय की," आई हसली. "आज ठेचा घातलाय बघ. लई तिखट झालाय, जपून खा."

प्रतीक्षा फाटकावर गेली. वॉचमन धर्माजीमामा डब्यांजवळच बसले होते. तिचा डबा तिथं नव्हता.

"आत्ताच तर नेलास पोरी," ते म्हणाले. "रोज तूच नेतीस."

ती जिना चढून खोलीशी आली. खोलीतली दुसरी मुलगी गावी गेली होती. दाराला कुलूप तसंच होतं आणि किल्ली प्रतीक्षाच्या मुठीत.

आत डब्याचं झाकण वाजलं.

तिनं दाराला कान लावला. आत कुणीतरी सावकाश जेवत होतं.

तिला भीतीसुद्धा वाटली नाही. फक्त जीभ चुरचुरायला लागली, आणि कितीतरी दिवसांनी डोळ्यांत पाणी आलं. ठेचा खरंच लई तिखट झाला होता.