नवव्या मजल्यावरचे भाडेकरू

जालिंदरनं भाडेकराराच्या शेवटच्या पानावर सही केली आणि सरोजला वाटलं, आता सांगावं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. श्यामनं तिच्याकडे न बघता फ्लॅटच्या किल्ल्या टेबलावरून पुढे सरकवल्या. जालिंदरनं त्या दोन्ही हातांनी घेतल्या. त्याची बायको शालू आणि पाच वर्षांची पारू पुढच्या महिन्यात करमाळ्याहून यायच्या होत्या. अकरा वर्षं तो कतारमध्ये, दोह्यात एकटा राहिला होता.

फ्लॅट विकायचे सगळे प्रयत्न फसले होते. टॉवरच्या बाहेरच्या भिंतींवर बसवलेल्या पॅनलमध्ये पेट घेणारा माल भरलाय, असा तपासणीचा अहवाल आला होता. बांधणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. अहवाल वाचला की गिऱ्हाईक परत फोन करत नसे. मग श्याम म्हणाला होता की भाड्यानं देऊ, भाडेकरू कुठे अहवाल मागतो? त्यांना स्वतःला राहायला शहराच्या अल गराफा भागात एका व्हिलाचा अर्धा भाग मिळाला. मुलीची, अंतराची शाळा जवळ पडते म्हणून जातोय, असं दोघांनी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण दोघंही एकमेकांजवळसुद्धा बोलले नाहीत.

नव्या घरात सरोजचं मन लागेना. अंतराला शाळेत सोडून ती ऑफिसला निघाली की हायवेच्या वळणावर टॉवर दिसायचा. ती खालून मजले मोजत नवव्यापर्यंत जायची. एकदा बाल्कनीत छोटासा लाल फ्रॉक वाळत घातलेला दिसला. त्या दिवसापासून ती मजले मोजायची नाही, थेट फ्रॉकच शोधायची. फोडणी जरा करपली तरी ती धावत जाऊन गॅस बंद करायची. आई, तू सारखी तिकडे काय बघतेस, असं अंतरानं इंग्रजीत विचारलं, तेव्हा ती म्हणाली, काही नाही.

श्यामला एकदा म्हणाली, आपण त्यांना सांगूया. तो म्हणाला, खलास, झालं ते झालं. आणि जेवण अर्धवट टाकून उठला.

मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी ती एकटीच सामान आणायला निघाली होती. वळणावर आली आणि तिची नजर टॉवरकडे गेली. टॉवरच्या वरच्या निम्म्या भागाला तपकिरी लोटांनी वेढलं होतं. तिनं गाडी तिकडे वळवली. वाटेत जालिंदरला तीनदा फोन लावला. उचलला गेला नाही. पोचल्यावर गाडीचं दार उघडलं तर दातांत रेती करकरली. आग नव्हती, धुळीचं वादळ होतं. वॉचमन नाकाला रुमाल लावून शांतपणे बसला होता.

ती तशीच परत जाऊ शकली असती. पण ती लिफ्टमध्ये शिरली.

दार शालूनं उघडलं. घरमालकीण ताई आल्या म्हणून ती हरखली आणि चहा टाकायला आत गेली. जालिंदर शुक्रवारची सुट्टी म्हणून घरीच होता, फोन चार्जिंगला लावलेला. सरोज बसलीच नाही.

"जालिंदरभाऊ, ही इमारत सुरक्षित नाही. बाहेरचे पॅनल पेट घेतील असे आहेत. आम्हाला माहीत होतं. आम्ही त्याच भीतीनं इथून गेलो आणि तुम्हाला इथे आणलं."

जालिंदरनं टीव्हीचा आवाज बंद केला.

"ते पॅनल आमच्याच गँगनं बसवलेत, मॅडम," तो म्हणाला. "आठव्यापासून बाराव्यापर्यंत मी स्वतः."

तो हळूहळू सांगत राहिला. आतला माल बघून त्यानं तेव्हा इंजिनिअरला विचारलं होतं. ड्रॉइंगमध्ये आहे ते बसव, एवढंच उत्तर मिळालं. पुढे तो फोरमन झाला, पगार वाढला, पण बायको-मुलीच्या व्हिसासाठी स्वतःच्या नावावर घराचा करार लागत होता. त्याच्या पगारात बसणारं चांगल्या इमारतीतलं घर सापडलं नाही. हे सापडलं.

मी करार रद्द करते, तुम्हाला दुसरं घर बघून देते, असं सरोज म्हणाली. त्यानं नकारार्थी मान हलवली. करार रद्द झाला तर व्हिसा अडकणार, दोघी परत गावाला. पारूनं बापाला आत्ता कुठे ओळखायला सुरुवात केली होती.

"शालूला ठाऊक आहे?" तिनं आवाज खाली आणून विचारलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं. घरात राहणाऱ्या माणसापासून काय लपवायचं?"

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच सरोजला ते ऐकवेना.

शालूनं चहाखालचा गॅस बंद केला. शुक्रवारी या वेळेला आमचं एक काम असतं, तुम्हीपण चला, असं म्हणत तिनं नळाखाली तीन पंचे भिजवले. एक पारूच्या नाकातोंडावर बांधला, एक स्वतःच्या. तिसरा, स्वतःचा, जालिंदरनं सरोजपुढे धरला. आग लागली तर धुरात दिसत नाही, त्यानं समजावलं, म्हणून डोळे मिटूनच जायचं. दारातून डावीकडे एकोणीस पावलं, मग लोखंडी दार, मग जिना. लिफ्टकडे वळायचंच नाही.

पारूनं डोळे घट्ट मिटले, भिंतीला तळहात लावला आणि मोठ्यानं आकडे म्हणत निघाली. एकोणिसाला तिचा हात बरोबर दारावर पडला. मागून शालूनं सरोजचा हात धरला.

"डोळे मिटा, ताई."

सरोजनं डोळे मिटले आणि लोखंडी दारापलीकडे अंधारात पाय पुढे टाकून पायरी चाचपली. सहा वर्षं ती या घरात राहिली होती. हा जिना ती पहिल्यांदाच उतरत होती.