तीन महिन्यांत दुप्पट

"मी बोलेन. तू फक्त हो ला हो म्हण," दार उघडण्याआधी नवरा बायकोच्या कानाशी पुटपुटला.

एजंटाबरोबर एक निवृत्त परिचारिका घर बघायला आली होती. सोबत तिचा धाकटा भाऊ. तो गवंडी आहे हे कळताच नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. गवंडी म्हणजे खोट काढून भाव पाडणार. शिवाय गेल्या आठ महिन्यांत नवऱ्याचा कुठल्याच भिंतीवर भरवसा उरला नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून स्वारी धंद्यात उतरली. जुनं घर घ्यायचं, रंगरंगोटी करायची, तीन महिन्यांत दुप्पट भावाने विकायचं. आधी कुणा जाणकाराला दाखवू या, असं बायको म्हणाली होती. "भिंती मलाही दिसतात," असं तिला ऐकवण्यात आलं. मग फरशी उचलली, तर खाली पाया खचलेला. वर छत गळकं. ठेकेदाराने हात वर केले, हप्ते मात्र थांबेनात. आज सौदा झाला नाही, तर बँक जप्ती आणणार होती.

गवंड्याने भिंतीवर बोटं वाजवली. वाकून कोपऱ्यात तळहात टेकवला. नवरा श्वास रोखून बघत राहिला.

"पाणी मुरतं का हो?" परिचारिकेने विचारलं.

नवऱ्याने तोंड उघडलं, पण बायकोच पुढे झाली.

"थेंबभरसुद्धा नाही, ताई. सकाळी सातला ऊन थेट ओट्यावर येतं. शेजारच्या काकू जरा कटकट्या आहेत, पण अडीअडचणीला धावून येतात."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण तिला इतक्या सफाईने बोलताना त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"अक्का, काम खणखणीत आहे," गवंडी म्हणाला. "डोळे झाकून घे."

परिचारिकेने तिथल्या तिथे विसार दिला आणि खुशीत भावाबरोबर जिना उतरली. एजंट मागे रेंगाळला.

"सुटलात बुवा! ताबा कधी देताय?"

"पंधरा दिवसांत," नवरा म्हणाला.

"आणि तुम्ही राहायला कुठे जाणार, वहिनी?"

बायकोने नवऱ्याकडे एकदा पाहिलं.

"यांनी विकायला घेतलेलं ते गळकं घर आहे ना, तिथेच. ते दुसरं कोण घेतंय?"