धुवायचं पाणी

पहिली काठी गोकुळच्या कानावर बसली तेव्हा त्याच्या हातात ब्लीचिंग पावडरची पुडी होती. पुडी फुटून पांढरी धूळ उडाली, तेवढ्यात दुसरी काठी पाठीत पडली. तो विहिरीच्या ओट्यावर तोंडघशी कोसळला.

"इहिरीत जहर टाकून राह्यला! म्या माह्या डोयानं पाह्यलं!" सत्यभामाबाई ओरडत होती.

म्हातारीनं पाहिलं होतं ते एवढंच: ओट्यावर आडवी केलेली प्लास्टिकची टाकी, तीत पांढरी पावडर आणि वाकलेला अनोळखी माणूस. बाकीचं गावानं आपलं आपण पाहून घेतलं. गेल्या आठवड्यात शेषरावच्या दोन म्हशी पटापट मेल्या होत्या. कशानं, ते कोणालाच कळलं नव्हतं. आता सगळ्यांना एकदम कळलं. साप साप म्हणून भुई धोपटायला आपल्याकडं माणसं कधी कमी पडत नाहीत. इथं भुईच्या जागी गोकुळ होता.

रस्त्याकडेला त्याची व्हॅन उभी होती. कुकर, शेगड्या दुरुस्त करत गावोगाव फिरणाऱ्या माणसाचं तेच दुकान आणि तेच घर. आत त्याची बायको जयमाला पाच वर्षांच्या काजलला मांडीवर घेऊन बसली होती. मागच्या मुक्कामाच्या पाण्यानं पोरीला जुलाब लागले होते. अमडापूरच्या डॉक्टरनं सलाईन लावलं आणि सोडताना बजावलं, व्हॅनमधली पाण्याची टाकी औषधानं धुऊन काढा, पोरीला उकळल्याशिवाय थेंबभर पाणी देऊ नका, पुन्हा पोट बिघडलं तर ती हाती लागायची नाही. म्हणून पहिली विहीर दिसली तिथं गोकुळ थांबला. विहिरीच्या ओट्यावरच टाकी धुवायला बसला, ही त्याची चूक. टाकीच्या पाण्यावर जन्म काढणारा माणूस, गावाला विहीर म्हणजे काय असते हे विसरला.

दगड आला. व्हॅनची काच फुटली. कोणीतरी जयमालाला केसांना धरून खाली ओढलं. तिनं पोरीला सोडलं नाही, म्हणून दोघी एकदमच मातीत पडल्या.

"औषध हाय भाऊ!" गोकुळच्या तोंडातून रक्त आणि शब्द बरोबरच येत होते. "पाणी साफ कराचं औषध. तुमची पंचायत बी हेच टाकते. मी सोनाळ्याचा हाव, आपल्याच जिल्ह्याचा."

शेषरावनं हात वर केला तशा काठ्या थांबल्या. तो डोकं फिरलेला माणूस नव्हता. फिरलेला असता तर परवडलं असतं. त्यानं टाकीतलं पांढुरकं पाणी तांब्यात घेतलं, हुंगलं आणि झटक्यानं नाक मागं घेतलं. डोळ्यांतून पाणी आलं.

"औषध हाय ना? मंग पे."

"हे पियाचं नाई भाऊ. टाकी धुवाचं हाय. लय जास्त टाकलं याच्यात."

खरं बोलला आणि तिथंच फसला.

"ऐकलं का बे? सोताच म्हणते, पियाचं नाई!" एकानं त्याच्या बरगडीत लाथ घातली. आत काहीतरी मोडल्याचा आवाज जयमालाला स्पष्ट ऐकू आला.

"याले काऊन पाजता? पोरीले पाजा," मागून कोणी म्हणालं. "मंग बोलते का नाई पाहा."

दोघं काजलकडं वळले. एकानं तिचा दंड धरला. गोकुळ गुडघ्यावर सरकत पुढं आला, शेषरावच्या हातातून तांब्या हिसकला आणि दम न घेता रिकामा केला.

"ओकला तं जहर," शेषराव म्हणाला आणि समोर उकिडवा बसला.

गाव विहिरीभोवती बसलं. कोणी तंबाखू मळली, कोणी मोबाइल धरला. गोकुळचा घसा आतून सोलून निघत होता. पोट उलटं वर आलं, तोंड भरलं, गाल फुगले. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि सगळं पुन्हा गिळलं. पुन्हा वर आलं. पुन्हा गिळलं. हे एकट्या जयमालाला कळत होतं आणि तिला रडायचीही सोय नव्हती.

उन्हं उतरली. गोकुळ बसूनच होता. शेषराव धोतर झटकत उठला.

"काई नाई झालं याले. औषधच व्हतं."

माणसं पांगू लागली. काहींचा तर हिरमोडच झाला. माफी मागायची आपल्याकडं रीत नाही, पाणी द्यायची आहे. सत्यभामाबाई लगबगीनं घरी गेली आणि भरलेला तांब्या घेऊन आली. त्याच विहिरीचं पाणी. वर तवंगासारखं हिरवं शेवाळ फिरत होतं.

"लेकरू तहानलं असंन वं माय. पाज तिले. दारातून कोणी तहानलं जाऊ नाई."

"डाक्टरनं उकयून द्याले सांगतलं, मावशी," जयमाला हळूच म्हणाली.

जाणारे पाय थांबले.

"काऊन?" म्हातारीचा आवाज बदलला. "आमच्या पाण्यात काय हाय वं?"

शेषराव मागं वळला. ओट्याला टेकवलेली काठी त्यानं पुन्हा हातात घेतली. जयमालानं नवऱ्याकडं पाहिलं. गोकुळ जोरजोरानं मान हलवत होता, पण तोंड उघडू शकत नव्हता.

तिनं तांब्या घेतला आणि पोरीच्या ओठांशी नेला. काजलनं आत पाहिलं.

"आई, उकयलं हाय ना हे?"

"हाव," जयमाला म्हणाली. "पे माय."