हिरव्या हापशीचं पाणी

"दादी, मी उतरू काय?"

"बस गुपचूप. आलाच तांडा."

पुसदहून आलेली काळीपिवळी त्यांना फाट्यावर सोडून गेली होती. राखीला पाठुंगळी घेऊन सुखीबाई चालत होती. पोर नऊ वर्षांची, वजन मात्र पाच वर्षांच्या लेकराएवढं. चालताना तिचे गुडघे एकमेकांवर आपटत, म्हणून दहा पावलंही धड टाकता येत नसत. दातांवर तपकिरी पट्टे आले होते. हसताना ती तोंडावर हात ठेवी. आईबाप ऊसतोडीला गेलेले. जाताना सून एवढंच म्हणाली होती, "हिले तुमच्या भरवशावर सोडलं."

"मंग आजाची गोष्ट सांग," राखी म्हणाली.

"तुया आजा म्हंजे बैलायचा येडा. पोळ्याले आमची जोडी नवरदेवावानी सजे. झूल, घुंगरं, शिंगांले रंग. मले लुगडं नाई घेतलं तरी चाले, पण बैलांले रंग पायजेच. एकच पोळा बैल कोरे गेले. तू पोटात होती तवा. हिरव्या रंगाचा डबा आणला आर्णीहून, अन् म्हणे वाळून गेला. लोकं हासले. म्या तं दोन दिवस बोलली नाई त्याच्याशी."

राखी पाठीवर खुदकन हसली. ते हसू मानेला लागलं तेव्हा सुखीबाईला पुसदच्या दवाखान्यातले डॉक्टर पुन्हा आठवले. त्यांनी एकच गोष्ट तीनदा विचारली होती.

"पाणी कुठलं पिता?"

"हिरव्या हापशीचं."

"दुसरं कुठलं?"

"एक थेंब नाई, साहेब."

डॉक्टर एक्स-रेकडे बघत राहिले. "हाडं पाहिली तर दुखणं पाण्याचंच वाटतं. पण पाणी चांगलं असेल तर मग कारण दुसरं असणार. नागपूरला न्यावं लागेल. तोवर पाणी तपासायला कुणाला तरी पाठवायला सांगतो."

ते तिला लागलं होतं. पाण्याच्या बाबतीत कुणी शंका घेतलेली तिला खपत नसे.

राखीच्या जन्माआधी दोन वर्षं जीपमधून माणसं आली होती. बाटल्यांत पाणी भरून नेलं, महिन्याभरानं परतली. सुखीबाईचं घर तांड्यापासून बाजूला, नाल्याच्या अलीकडे. तिच्या दारातली हापशी त्यांनी लाल रंगवली, नाल्यापलीकडची तांड्यातली हिरवी. लाल हापशीच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्यानं हाडं वाकतात, ते फक्त धुण्याला वापरा, असं बजावून गेली.

तेव्हापासून ती डोक्यावर दोन हंडे घेऊन नाला उतरे, नाला चढे. तांड्यातल्या बाया चिडवत. "आली महाराणी. दारात पाणी असून इकडं कायले मरायले येतं वो?"

"मले म्हातारपणी सरळ चालाचं हाय," ती म्हणे.

एकदा नाल्यात तिचा पाय घसरला, मनगट मोडलं. सून पोटुशी होती, तिला हंडे उचलू देणं शक्य नव्हतं. सुखीबाई हात बांधून घ्यायला चार दिवस भावाकडे राहिली. परतली तर दारातली हापशी हिरवीगार.

"साहेब लोकं येऊन गेले," तिचा नवरा रामधन म्हणाला. "पाणी सुधरलं म्हणे. आता नाई जायचं नाल्यापार. लय हाल झाले तुये."

तिनं हापशीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. त्याच पाण्यावर राखी वाढली.

गेल्या साली रामधन गेला. पाठ धनुष्यासारखी वाकलेली, मान वळत नव्हती. बैलांकडे बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागे. शेवटच्या आठवड्यात तो पेला ढकलून देई.

"नाल्यापारचं आण, सुखे. पोट्टीलेबी तेच पाज."

"हेच चांगलं हाय. तुमीच तं सांगतलं होतं."

तो तिच्याकडे बघत राही. मग डोळे मिटून घेई. तापात बरळतोय, असं ती समजली. चमच्या-चमच्यानं दारचं ताजं पाणी पाजत राहिली.

घराजवळ आली तेव्हा हापशीपाशी एक स्कूटी उभी होती. पाणी तपासणारी दिपाली नावाची पोरगी खाली बसून काचेच्या नळीत थेंब टाकत होती.

"लवकर आली वो बाई," सुखीबाई म्हणाली. "तपास, तपास. डॉक्टरले सांगजो, आमी पाण्याचे पक्के हावो."

नळीतलं पाणी गुलाबी राहायला हवं होतं. ते पिवळं पडलं. दिपालीनं दुसऱ्या नळीत पुन्हा थेंब टाकले. पुन्हा पिवळं.

"आजी, मधे कुणी आलं होतं का तपासायला?"

"आलते ना. साहेब लोकं. मालकांनं पायले त्यांयले."

"आमच्या कागदांवर तर अशी भेट नाही. इथे ही हापशी लालच आहे."

ती उठली. स्कूटीच्या किल्लीनं हापशीच्या नळावर खरवडलं. हिरवं पापुद्र्यासारखं निघालं. खाली लाल होतं, जसंच्या तसं.

"हा आमचा रंग नाही, आजी. कुणी लावला हा?"

सुखीबाई तो पापुद्रा तळहातावर घेऊन बघत राहिली. राखीला पाठीवरून उतरवायचंही तिला सुचलं नाही.

"दादी, काय झालं?"

"वाळला नव्हता," सुखीबाई म्हणाली. "पोळ्याचा डबा वाळला नव्हता."