पाचव्या ताऱ्याची तपासणी

हॉटेलला पाचवा तारा द्यायचा की नाही, हे ठरवायला सरपोतदार नावाचे तपासनीस पुण्याहून संभाजीनगरला आले आणि दोन दिवस हॉटेलातल्या सगळ्यात चांगल्या खोलीत राहिले. खोल्या साफ करणाऱ्या रत्नमालाला त्यांनी तेवढ्यात चारदा चादर बदलायला लावली. आरशावर फिरवलेलं बोट तिच्या नाकासमोर धरून म्हणाले, "बाई, पाच तारे म्हणजे काय, हे तुमच्या सात पिढ्यांना कळायचं नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते निघायला बॅग घेऊन खाली उतरले, तशी रत्नमाला नेहमीप्रमाणे खोली बघायला गेली. खोलीसाठी क्रांती चौकातून परवाच आणलेली कोरी इस्त्री जागेवर नव्हती. कपाटात तिचं रिकामं खोकं तेवढं होतं. तिनं लगेच मॅनेजर हिमांशूला फोन लावला.

"गप बसा, रत्नमालाबाई," तो दबक्या आवाजात म्हणाला. "साहेब समोरच उभे आहेत. तारा मिळायचाय आपल्याला. चोरीबिरीचं नावसुद्धा काढू नका."

रत्नमाला खाली आली तेव्हा सरपोतदारांच्या गळ्यात हार होता आणि मालक त्यांच्यासोबत फोटो काढून घेत होते. ती थेट त्यांच्यापाशी गेली आणि दोन्ही हातांनी ते खोकं अदबीनं पुढं केलं.

"साहेब, हे वरच राह्यलं व्हतं तुमचं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "असू द्या संगं. आत इस्त्रीचं गॅरंटी कार्ड हाय, दोन वर्षांचं."